ऑनलाइन मार्केटिंगचा धंदा: कमी खर्चात, पण टिकेल असा

नागपूर, 18 जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मार्चपासून ऑनलाइन मार्केटिंगचं काम पूर्णवेळ करायचं तू ठरवलंस, हे वाचून मनापासून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात धर्मपेठेतलं ऑफिस, लोगो आणि वेबसाइट यांवर दोन पानं आहेत, आणि पैसे कुणाकडून, कशाचे, कधी येणार यावर जेमतेम चार ओळी. धंदा टिकतो तो त्या चार ओळींवर, म्हणून मी त्यांच्याबद्दलच लिहितो.

ऑफिस नको. इतवारी, महाल, सक्करदऱ्याचा दुकानदार गल्ला सोडून तुझ्याकडे येणारच नाही, तुलाच त्याच्या दुकानात जायचं आहे. लॅपटॉप, बरा कॅमेरा असलेला फोन, घरचं इंटरनेट आणि कामासाठी वेगळा नंबर, एवढ्यावर सुरुवात होते. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नको.

आता गिऱ्हाईक. सगळे एकाच हंगामाचे घेऊ नको. कूलरवाल्याचं काम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस आला की संपतं. शिकवणीवर्गांचा जोर प्रवेशांच्या दिवसांत, मिठाईवाल्याचा राखीपासून दिवाळीपर्यंत. त्यांच्या जोडीला चष्म्याचं दुकान किंवा घरपोच दुरुस्ती असं बारमाही काहीतरी ठेव. प्रत्येकाकडून महिन्याला 6,000 रुपये घे, पाच तारखेच्या आत, आगाऊ. एकरकमी वेबसाइट करून देण्याच्या कामांवर घर चालत नाही, कारण दर महिन्याला नवं गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं हे की जाहिरातीचा पैसा तुझ्या खात्यातून जाऊ देऊ नको. हिशेब बघ. रोज 300 रुपयांची जाहिरात म्हणजे 30 दिवसांचे 9,000, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 10,620. दहा गिऱ्हाइकांची तुझी फी वर्षाला 7 लाख 20 हजार होते. जाहिरातीचे पैसेही तूच तुझ्या बिलात लावलेस तर 12 लाख 74 हजार 400 आणखी चढतात. बेरीज 19 लाख 94 हजार 400. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची आहे, म्हणजे कमाई सात लाखांची आणि उंबरठ्यावर मात्र वीस लाखांच्या. शिवाय एकाने पैसे थकवले की त्याची जाहिरात तुझ्या खिशातून चालते. म्हणून जाहिरातीचं खातं गिऱ्हाइकाच्या नावाने उघड, पैसे त्याच्याच कार्डाने किंवा यूपीआयने भरू दे, आणि त्याचा जीएसटी क्रमांक त्या खात्यात टाक. तो कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत, नसेल तर तो कर त्याला वजा मिळू शकतो. हे त्याला समजावून सांगितलंस की तुझ्यावरचा विश्वास तिथेच वाढतो.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणजे गूगलवर आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, फेसबुक पेज, सगळ्याचा मालक दुकानदारच हवा. तू फक्त मॅनेजर. त्याचा पासवर्ड मागू नको, तुझ्या खात्याला प्रवेश द्यायला सांग. काही जणांना वाटतं की चाव्या आपल्याकडे ठेवल्या की गिऱ्हाईक सुटत नाही. गड्या, गिऱ्हाईक सुटतंच, आणि जाताना बाजारभर सांगत जातं.

पहिल्या महिन्यात जाहिरात नकोच, आधी गूगल प्रोफाइल नीट कर. पाटीवर आहे तेच नाव लिही. ‘नागपूरमधील सर्वोत्तम कूलर दुरुस्ती’ असं नावाला जोडलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते नेमकं एप्रिलमध्ये झालं तर हंगाम गेला. धंद्याचा मुख्य प्रवर्ग एकच नेमका निवड, जोडीला नऊपर्यंत देता येतात. पडताळणीला बहुतेक व्हिडिओ मागतात. तो न थांबता, एकसलग काढायचा: रस्ता आणि शेजारची दुकानं, मग पाटी, मग मालक कुलूप उघडतो किंवा गल्ला उघडतो ते. अंधारात किंवा शटर बंद असताना काढलेला व्हिडिओ नाकारला जाऊ शकतो. फोटो इंटरनेटवरून उचललेले नकोत. कूलरची वूडवूलची जुनी काळपट ताटी आणि शेजारी नवीन ताटी, पंप बसवतानाचा कारागिराचा हात, दरांचा फळा, असे वीसेक फोटो उन्हं चढायच्या आत काढ. अभिप्रायासाठी क्यूआर कोड गल्ल्यापाशी चिकटव, पण ‘पाच तारे द्या, सूट घ्या’ हे गूगलच्या नियमांत बसत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग आणि लेबलं लाव. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्याने दुकानाचा नंबर सेव्ह केला असेल त्यालाच निरोप पोचतो. हजारोंना एकदम पाठवणारं बाजारातलं सॉफ्टवेअर वापरू नको. नंबर बंद होतो, आणि तो वर्षानुवर्षं पाटीवर असलेला नंबर असतो.

जाहिरात दुसऱ्या महिन्यापासून. फेसबुक पोस्टखालचं बूस्टचं बटण बहुतेक वेळा लाइक गोळा करतं, म्हणून ॲड्स मॅनेजरमधून ‘एंगेजमेंट’ हे उद्दिष्ट घे आणि त्यात संदेश निवड. जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकायला मेटाला, म्हणजे फेसबुकच्या कंपनीला, आठवड्याला साधारण 50 निकाल, इथे 50 संदेश, लागतात. 300 रुपये रोजाने आठवड्याचे 2,100, म्हणजे एक संदेश 42 रुपयांच्या आत पडला तरच ते जमतं. त्याच पैशात चार ॲडसेट, म्हणजे वेगळ्या बजेटचे जाहिरातींचे गट, केलेस तर प्रत्येकाला रोजचे 75 मिळतात आणि एकही शिकत नाही. ॲडसेट एकच ठेव, चित्रं दोन-तीन, आणि आठवडाभर हात लावू नको, कारण मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. मानेवाड्याच्या दुरुस्तीवाल्याला कामठीहून संदेश येऊन उपयोग नाही, तेव्हा दुकानावर पिन ठेवून पाचेक किलोमीटरचं वर्तुळ घे.

काही धंद्यांना कायद्याच्या मर्यादा आहेत. डॉक्टरांना रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला 2002 च्या आचारनियमांनी मनाई आहे. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा, क्रमांक आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही लागतो. शिकवणीवर्गाला 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय, आणि तीही निकालानंतर घेतलेली, वापरता येत नाही. मालक ‘चालतंय’ म्हणाला तरी ऐकू नको.

महिनाअखेर दुकानदाराला पोच (जाहिरात किती जणांना दिसली), इंप्रेशन (किती वेळा दिसली) असले आकडे दाखवू नको. गल्ल्यावर एक वही ठेव, फोन आला की तारीख, काम, ‘कुठून कळलं’ आणि झालं-नाही एवढंच नोकराने लिहावं. फोन उचललेच जात नाहीत, हे बहुधा त्याच वहीत दिसतं, आणि तेव्हा जाहिरात वाढवण्याआधी दुपारी फोनवर माणूस बसवायला सांगायचं.

या रविवारी कूलरवाल्याकडे जाशील तेव्हा प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर आहे ते आधी विचार. ‘एक पोरगा पाहायचा, आता फोन घेत नाही’ असं उत्तर आलं, तर कूलरवाल्याच्याच फोनवरून, त्याच्याच ईमेलने गूगलवर मालकीची विनंती टाक. प्रोफाइलच्या जुन्या मालकाला, म्हणजे त्या पोराला, उत्तर द्यायला तीन दिवस असतात, आणि तो गप्प राहिला तर पुढे दावा करायचा पर्याय मिळू शकतो. काही वेळा त्यात आठवडे जातात, म्हणून हे काम फेब्रुवारीवर ढकलू नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रमोद