हळद नक्की कोणाची?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेलं की आई मध्येच जेवलीस का विचारते आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहितेय.

परवा माझ्या पेशंटचं, तासगावच्या आजोबांचं, स्पीच थेरपीचं शेवटचं सेशन झालं. लकव्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बऱ्याचदा असं होतं, अफेझिया म्हणतात. म्हणजे बरंचसं कळतं पण शब्द बाहेर येत नाही. सुरुवातीला स्वतःचं नाव येत नव्हतं पण सोमवार-मंगळवार धडाधड, आरती अख्खी सुरात, आणि शिवी तर एकदम स्वच्छ, आजी बिचाऱ्या पदर तोंडाला लावायच्या. आता "चहा दे गं" म्हणतात. नातवानं टेबलावर घरच्या हळदीची पिशवी ठेवली, मॅडम तुम्ही बोलतं केलंत म्हणाला.

छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी आठवड्यातून दोनदा भेटणार, बाकी सगळं आजींचं. भाकरी थापताना "हे काय? भाक..." म्हणून थांबायच्या, तव्यावरची करपली तरी घाई नाही, आजोबांचं "री" येईपर्यंत वाट बघायच्या.

आणि त्याच्या आधी हॉस्पिटलमधली ती सिस्टर. पाणी प्यायल्यावर आजोबांचा आवाज ओलसर, खळखळल्यासारखा येतोय हे तिनंच ओळखलं आणि मला बोलावलं. अशा पेशंटचं पाणी फुफ्फुसाकडे जातं, कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही, मग न्यूमोनिया. मी कंठावर बोटं ठेवून प्रत्येक घोटाला तो वर उचलतोय का बघितलं, पाणी घट्ट करून चमच्यानं दिलं, पण ताठ बसवून भरवणं, लगेच आडवं न होऊ देणं, तोंड साफ ठेवणं, हे रोज तिनंच केलं. डिस्चार्ज कार्डवर तिचं नाव नाही. निम्मी हळद तिला दिली.

तसं हे जुनंच आहे म्हणा. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका डॉक्टरांना ज्या पेशंटमुळे मेंदूतली बोलण्याची जागा सापडली त्या लेबोर्नला फक्त "टान" एवढंच बोलता यायचं, जागेला नाव मात्र डॉक्टरांचं.

बाबा, बारावीनंतर मी बीएएसएलपी, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या उपचारांची डिग्री, म्हटल्यावर काका म्हणाले होते, बोलायला शिकवायला चार वर्षं कशाला? तुम्ही म्हणालात, "लागत असतील, बघून येऊ दे तिला." तेवढंच, पण मला ते पुरलं. आणि आई, अंगणवाडीत तू पोरांच्या पाठीमागं डबा वाजवायचीस, जो वळला नाही त्याच्या घरी संध्याकाळी जायचीस. आता जन्मल्यावर लगेच ओएई ही ऐकण्याची टेस्ट करता येते, पण आईबापाला न दुखवता "कानाला मशीन लावूया" कसं म्हणायचं ते कॉलेजात नाही शिकवलं कोणी, तुझ्या मागं मागं फिरून आलंय. हे तुला कधी सांगितलंच नव्हतं.

आता बाबा, तुमच्या टीव्हीचा आवाज मला फोनवर ऐकू येतो. पुढच्या रविवारी दोघं कोरेगावहून ट्रेननं या, मिरजेला न्यायला येते, टेस्ट करायचीच आहे, वय झालं म्हणून टाळायचं नाही. येताना वाघ्या घेवडा आणा, इथं तसा मिळत नाही.

तुमची,
छोटी