पाचवं पुस्तक पाठवते आहे

कोल्हापूर
रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

चौथा हॅरी पॉटर संपवून परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सेड्रिकला मारलं, पण त्यानं काय केलं होतं गं?" आणि आमटी उतू चालली म्हणून मी फोन ठेवला. आमटी उतू चालली नव्हती.

पाचवा हॅरी पॉटर दुकानात मिळत नाही म्हणाले होते, तेही खोटंच. वर्षभर तो माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली पडून आहे. आबा गेले त्याच महिन्यात आणला होता. आधी मीच चाळला आणि ठरवलं, एवढ्यात नको. १९९७ चं पहिलं पुस्तक २२३ पानांचं, २००३ चं हे ७६६ पानांचं. उशाला घेतलं तर मान अवघडेल.

मला वाटायचं, उडत्या झाडूंची आणि चॉकलेटच्या बेडकांची ही गोष्ट चौथ्यात एकदम बिघडली. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचली. तर पहिल्याच प्रकरणात आईबाप मारले गेलेलं तान्हं पोर मावशीच्या दाराशी ठेवलेलं! पुढं आरशात त्याला दिसतात तेही मेलेले आईबापच. लेखिका रोलिंगबाई हे लिहायला लागल्या आणि १९९० च्या डिसेंबरात त्यांची आई गेली. काळोख पहिल्यापासूनच होता की. पोरगं अकरा वर्षांचं, त्याला खाऊच जास्त दिसला. तुलाही. मलाही, खरं तर.

एक गोष्ट फोडते, रागावू नकोस. हॅरीच्या शाळेच्या त्या बग्ग्या आपोआप चालतात ना? पाचव्यात हॅरीला कळतं की त्यांना घोडे जुंपलेले आहेत. काळे, हाडं निघालेले, पंखांचे. आधीही होतेच. ज्यानं कुणाला मरताना पाहिलंय त्यालाच ते दिसतात. पण सेड्रिक गेल्यावर चौथ्याच्या शेवटीही हॅरीला ते दिसले नव्हते. रोलिंगबाईंचं म्हणणं, मरण नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही, ते आत उतरावं लागतं.

इथं मी पुस्तक मिटून बसले. आबांची ती दुपार आठवली. मी औषधाच्या दुकानात रांगेत, बाबा ड्यूटीवर, आणि घरात तू एकटा, त्यांना चमच्यानं पाणी पाजत. म्हणजे त्या हिशेबानं ते घोडे मला दिसायचे नाहीत, तुला दिसतील. आणि तुला सोसायचं नाही म्हणून पुस्तक लपवून ठेवणारी मी!

त्या दुपारचं मी तुला कधी विचारलंच नाही. तेराव्यानंतर तू एकदा म्हणालास, "गंगावेशीत दूध प्यायला जाऊया?" आणि मी म्हणाले, अभ्यास कर. आबांबरोबर त्या कट्ट्यावर जायचास. समोर म्हशीची धार काढलेली, ग्लासभर फेस, तुझ्या ओठांवर पांढरी मिशी. ती ते आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

पुस्तक शनिवारी मामाबरोबर येतंय. सोबत कांदा-लसूण चटणीची बरणी आहे, तेल गळतं, पुस्तकापासून लांब ठेव.

सेड्रिकनं काहीच केलं नव्हतं रे. वाटेत आला, एवढंच.

दिवाळीला आलास की आधी गंगावेशीत जाऊ. सांगावंसं वाटलं तर तिथं सांग.

तुझी,
आई