आडनाव नव्हे, धंदा

महोदय,

पंचगंगा घाटावर सकाळी जलरंगात काम करताना पाण्यावरची चमक रंगवायची नसते, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. हे हाताला कळायला मला बरीच वर्षं लागली. (अजूनही दहातली चार चित्रं फाडतोच.) सिनेमा बघतानाही तेच डोक्यात असतं: दिग्दर्शकानं काय सोडलं?

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मूकपटांच्या काळातले आपले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं 'पेंटर' हे आडनाव वाटतं. मूळचे ते मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना आणि चुलतभाऊ आनंदराव यांना कॅमेऱ्याचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा तयार केलाच आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली ते आधी कागदावर रेखाटत. म्हणजे कॅमेऱ्याच्या आधी पेन्सिल! आमची पोरं मोबाईलवर फोटो काढून थेट रंगाला हात घालतात, मग सावली कुठून आली विचारलं की गप्प.

बाबूरावांची अशी रेखाटनं कुणाकडे जपलेली असतील, तर आपल्या रविवारच्या पुरवणीत एखादं तरी छापा. कात्रण वर्गात लावतो.

– एक चित्रकार, कोल्हापूर