कार्नार्वनच्या बेकरीवाल्या काकूंना

काकू,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला काही वाचता येणार नाही. तुम्हाला मी काउंटरवर तोंडी सांगेनच, जमेल तेवढं वेल्शमध्ये. पण नोकरी-शिक्षणासाठी वेल्सला येणाऱ्या आपल्या लोकांना तुमच्याबद्दल कळावं, म्हणून हे जाहीर आभार.

2021 च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के निघाले, आपल्या ग्विनेध परगण्यात मात्र 64.4. भाषा शिकायला याहून चांगली जागा कुठली? पण मी ‘बोरे दा’, म्हणजे सुप्रभात, म्हटलं, की समोरचा माझा हेल ऐकून लगेच इंग्रजीवर यायचा. हेतू चांगलाच, पण शिकणाऱ्याची गाडी तिथेच अडते.

तुम्ही इंग्रजीवर आला नाहीत. मागे रांग असली तरी माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलात. ‘गा ई दोर्थ, प्लीस?’ एक ब्रेड द्या, एवढंच. पाटीवर तर ‘तोर्थ’ लिहिलेलं! व्याकरणात न शिरता तुम्ही किटलीकडे बोट दाखवलंत: चहाचा कप ‘पानाद’, पण ‘गा ई बानाद?’ दोन्ही ऐकल्यावर गोम कळली. ‘गा ई’ म्हणून मागायला गेलं, की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मऊ पडतं.

‘ल्लेव्रिथ’, म्हणजे दूध, हे प्रकरण अवघड. जीभ ‘ल’ म्हणायला लावायची आणि आवाज न काढता कडेने नुसती हवा सोडायची, हे तुम्ही तोंड उघडून दाखवलंत. (आपल्याला ‘ळ’ येतो म्हणून हे सोपं जाईल, या भ्रमात कुणी राहू नये.)

आणि एके सकाळी नेहमीच्या ‘सित दाख खी?’ (कशा आहात?) ऐवजी तुम्ही विचारलंत, ‘सित वुइत ती?’ (कशी आहेस?) मराठी कानाला ते लगेच कळतं. अहो-जाहोवरून थेट अगं-तुगंवर! त्या दिवशी ब्रेडबरोबर नको असलेले दोन केकही घेतले. मी मात्र तुम्हाला ‘खी’च म्हणणार, वयाचा मान आहे.

आता पुढची ऑर्डर फोनवर द्यायचा बेत आहे. फोनवर तुमचे ओठ दिसणार नाहीत, तेव्हा इथल्या रस्त्यांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं तसं, ‘अराव’, प्लीस. जरा सावकाश.

दिओल्ख!

तुमची शनिवारची गिऱ्हाईक