स्कॅफोल्ड विरघळेपर्यंत तरी मुदत द्या: विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

सादर नमस्कार.

ऊतक पुनर्निर्मितीच्या संशोधनाला अनुदान मिळते ते बहुधा तीन वर्षांसाठी. आमची तक्रार त्या मुदतीबद्दल आहे. हाडातली पोकळी भरून काढण्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या सावकाश विरघळणाऱ्या पॉलिमरचा स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना धरून वाढता येईल असा सच्छिद्र आधार, बसवला तर तो शरीरात पूर्ण विरघळायला दोन ते तीन वर्षे लागतात. साहित्याची खरेदी, यंत्रांची जुळवाजुळव आणि प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी यांतच सुरुवातीचे बरेच महिने जातात. अंतिम अहवाल सादर होतो तेव्हा स्कॅफोल्ड हाडातच असतो. शेवटच्या टप्प्यात त्याचे बारीक तुकडे सुटताना भोवती दाह होतो का, हे कोणी पाहिलेलेच नसते.

मग लवकर विरघळणारे पॉलिमर वापरा, असे सुचवले जाते. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटक निम्मे-निम्मे असलेले पीएलजीए महिना-दोन महिन्यांत विरघळते हे खरे. पण ते विरघळताना आम्ल तयार होते. जाड तुकड्याच्या गाभ्यातले आम्ल बाहेर पडू शकत नाही आणि तेच गाभ्याचे विघटन आणखी वाढवते. वरून तुकडा शाबूत दिसतो, आतून तो पोकळ झालेला असतो. कवच फुटले की साठलेले आम्ल एकदम ऊतकात उतरते. प्रयोगशाळेतल्या बशीत हा दोष सहसा दिसत नाही, कारण तिथे दर दोन-तीन दिवसांनी पोषक द्रव बदलला जातो आणि त्याबरोबर आम्लही निघून जाते. बशीत पेशी उत्तम वाढल्या एवढ्यावरच यश जाहीर करणे आम्हाला धोक्याचे वाटते.

निर्जंतुकीकरणाकडे तर प्रकल्प संपत आल्यावर लक्ष जाते. बशीतल्या चाचणीपुरता नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवला जातो. त्याने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या, 121 अंश सेल्सिअसला कोलॅजेन या प्रथिनाची घडण मोडते. पीएलजीए 50 अंशांच्या आसपासच मऊ पडते, त्यामुळे छिद्रे खचून बुजतात. 25 किलोग्रे इतक्या मात्रेच्या गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि विरघळण्याचा कालावधीच बदलतो. इथिलीन ऑक्साइड हा जंतुनाशक वायू छिद्रांत अडकून राहतो; तो हवेशीर ठेवून काढावा लागतो आणि उरलेला किती ते मोजावे लागते. पद्धत आधी ठरली नसेल तर ताकद आणि विघटन यांची जुनी मोजमापे पुन्हा घ्यावी लागतात. शिवाय जंतू मेले तरी त्यांच्या भिंतीतले एंडोटॉक्सिन, म्हणजे ताप आणि दाह आणणारे विष, उरते. जिलेटिन, अल्जिनेट यांसारख्या नैसर्गिक पदार्थांत ते हमखास तपासायला हवे, आणि नेमकी ही चाचणी खर्चाच्या अंदाजपत्रकात नसते.

प्राध्यापक आयोनिस यानास आणि शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी कोलॅजेन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचा थर, त्यावर सिलिकॉनचे आवरण अशी कृत्रिम त्वचा भाजलेल्या रुग्णांवर वापरून 1981 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेल्या उत्पादनाला अमेरिकेच्या औषध नियामकाची मान्यता 1996 मध्ये मिळाली. मधली पंधरा वर्षे कोणी तरी या कामाच्या पाठीशी राहिले, म्हणूनच ती त्वचा रुग्णालयांपर्यंत पोहोचली.

म्हणून आमची मागणी अशी. तीन वर्षांनंतर निष्कर्ष समाधानकारक असतील तर त्याच प्रकल्पाला, नव्याने अर्ज न मागवता, आणखी चार वर्षे द्यावीत. त्यात विघटन पूर्ण होईपर्यंतची प्राण्यांवरील निरीक्षणे बंधनकारक असावीत. निर्जंतुकीकरण, एंडोटॉक्सिन आणि आयएसओ 10993 या आंतरराष्ट्रीय मानकानुसारच्या जैवसुसंगतता चाचण्या (पदार्थ शरीराला अपाय करत नाही ना, याच्या) यांचा निधी वेगळ्या शीर्षाखाली असावा आणि तो यंत्रखरेदीकडे वळवता येऊ नये. स्कॅफोल्ड ज्या पद्धतीने रुग्णासाठी निर्जंतुक होणार, त्याच पद्धतीने निर्जंतुक केलेल्या नमुन्यांवरची मोजमापे पहिल्या वर्षाच्या अहवालातच मागावीत. फसलेल्या स्कॅफोल्डची नोंदही अहवालात ग्राह्य धरावी. कोणत्या जाडीला गाभा पोकळ झाला हे कळले तर दुसऱ्या प्रयोगशाळेचे प्राणी आणि वर्षे वाचतील.

पुढच्या अनुदानाची नियमावली ठरण्यापूर्वी यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपले,
जैवपदार्थ आणि ऊतक पुनर्निर्मिती क्षेत्रातील संशोधक