मागोवा जमिनीवरच संपू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या सिनेटने डिसेंबर २०२५ मध्ये एकमताने मंजूर केलेल्या, विमानांनी आपले स्थान एकमेकांना कळवण्याविषयीच्या ‘रोटर’ विधेयकाची चर्चा बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : लष्कराच्या हेलिकॉप्टरने आपले स्थान कळवणारी यंत्रणा बंद ठेवली होती, म्हणून वॉशिंग्टनचा विमान अपघात झाला. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि विधेयकाचे खरे महत्त्व मला उरलेल्या अर्ध्यात दिसते.

२९ जानेवारी २०२५ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास विचिटाहून ६४ जणांना घेऊन आलेले प्रवासी जेट वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना, तिघे सैनिक असलेल्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरशी त्याची पोटोमॅक नदीवर टक्कर झाली आणि दोन्हींतले सर्व ६७ जण मृत्युमुखी पडले. नदीकाठाने हेलिकॉप्टरांसाठी आखलेल्या मार्गावर त्या टप्प्यात २०० फुटांची कमाल मर्यादा होती. टक्कर झाली ती सुमारे ३०० फुटांवर. पण ती मर्यादा काटेकोर पाळली असती तरी ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारे विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात जेमतेम ७५ फूट राहिले असते, असे तपासात दिसून आले. ७५ फूट म्हणजे सात-आठ मजली इमारतीची उंची. असा मार्ग कागदावर कायम ठेवणाऱ्यांना कोणत्या हिशेबाने तो सुरक्षित वाटत होता, हे समजत नाही. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैलापेक्षा कमी आडव्या आणि ४०० फुटांपेक्षा कमी उभ्या अंतरावर आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. त्यांतल्या ८५ प्रसंगी तर आडवे अंतर १,५०० फुटांच्या आणि उभे २०० फुटांच्या आत होते. माहिती जमा होत होती, पण तिच्याकडे वेळेत पाहिले गेले नाही.

आता त्या बंद यंत्रणेविषयी. ‘एडीएस-बी आउट’ म्हणजे विमानाने उपग्रहांच्या मदतीने ठरवलेले आपले स्थान, उंची आणि वेग साधारण दर सेकंदाला रेडिओवरून प्रसारित करणे. अमेरिकेच्या बहुतांश नियंत्रित हवाई क्षेत्रात ते १ जानेवारी २०२० पासून सक्तीचे आहे. त्या रात्री हेलिकॉप्टरकडून हे प्रसारण होत नव्हते, हे खरे. तरीही ते नियंत्रण कक्षाला दिसत नव्हते असे नाही. त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारे उपकरण, चालू होता, रडारच्या पडद्यावर ते उमटत होते, नियंत्रकाने त्याच्या चालकांना विमानाविषयी सावधही केले होते, आणि आपण डोळ्यांनी पाहून अंतर राखतो असे त्यांनी कळवले होते. शहराच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर, रात्रीच्या वेळी, कोणत्या विमानाचा दिवा कोणता हे ओळखण्यावर ६७ जीव अवलंबून राहिले. दिसत होते ते जमिनीवरच्या माणसाला, आणि ज्यांना ते सर्वांत आधी कळायला हवे होते त्या जेटच्या चालकांकडे पाहण्याचे पुरेसे साधन नव्हते.

ते साधन म्हणजे ‘एडीएस-बी इन’, अर्थात आसपासच्या विमानांची प्रसारित माहिती थेट कॉकपिटमध्ये घेऊन दाखवणारी यंत्रणा. अपघातांचा तपास करणारे अमेरिकेचे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ २००८ पासून तिची शिफारस करत आले आहे. हवाई प्रशासनाने मात्र २०१० मध्ये नियम केला तो फक्त ‘आउट’चा. सर्वांनी बोलायचे आणि ऐकणे ऐच्छिक, असा तो प्रकार. विमानातील टक्करविरोधी यंत्रणा होती, पण जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ती वर जा किंवा खाली जा असा आदेश देत नाही, नुसता इशारा देते. तो टक्करीच्या सुमारे वीस सेकंद आधी मिळाला. मंडळाच्या अभ्यासानुसार ‘इन’ यंत्रणा असती तर जेटच्या चालकांना ५९ सेकंद आणि हेलिकॉप्टरच्या चालकांना ४८ सेकंद आधी इशारा मिळाला असता. उतरण्याच्या गडबडीत असलेल्या वैमानिकाला या जादा सेकंदांत प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्याचा निर्णय घेता येतो. खासगी छोटी विमाने उडवणारे हौशी वैमानिक काही शे डॉलरांचा रिसीव्हर आणि टॅब्लेट वापरून हेच करतात, हे लक्षात घेतले की खर्चाची सबब फारशी टिकत नाही.

सिनेटर टेड क्रूझ आणि मारिया कँटवेल या परस्परविरोधी पक्षांतल्या नेत्यांनी पुढे नेलेले हे विधेयक २०३१ अखेरपर्यंत ‘इन’ सक्तीचे करते आणि लष्करी विमानांना मिळणारी प्रसारणाची सूट अरुंद करते. त्याच महिन्यात संरक्षण खर्चाच्या कायद्यात घुसवलेल्या एका कलमाने राजधानीच्या आकाशात लष्कराला पुन्हा मोकळीक मिळण्याची वाट उघडली होती. सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी आणि मृतांचे कुटुंबीय या दोघांनीही त्याला जाहीर विरोध केला. गुप्त मोहिमेसाठी सूट हवी, याविषयी दुमत नाही. परंतु गजबजलेल्या नागरी विमानतळाशेजारच्या सरावाच्या उड्डाणालाही गुप्ततेचे पांघरूण घालणे मला मान्य नाही.

आपल्याकडे हा धडा पूर्वी मोठी किंमत मोजून मिळाला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने आदळून ३४९ जण गेले, तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती; नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावर विसंबावे लागत होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर आपण विमानाची उंचीही दाखवणारे दुय्यम रडार आणि टक्करविरोधी यंत्रणेकडे वळलो.

मी लोहगावच्या धावपट्टीजवळ राहतो. सकाळी सुखोईंचा आवाज आणि पाठोपाठ प्रवासी विमानाचा, हा आमचा रोजचा दिनक्रम. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आणि गोव्यातील दाबोळी नौदलाचा. दोन्हीकडे नियंत्रण लष्कराकडेच असल्याने एका पडद्यावर सगळे दिसण्याची सोय आहे, ही जमेची बाजू. पण १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम सैन्यदलांच्या विमानांना लागू नाही, त्यामुळे अमेरिकेत सूट किती असावी यावर जो वाद चालला आहे, तो आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत उपस्थितच होत नाही. शांततेच्या काळात, सामायिक विमानतळांच्या परिसरात सरावाला निघालेल्या लष्करी विमानांनी आपले स्थान प्रसारित करावे का, आणि तिथे उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या कॉकपिटमध्ये ते दिसावे का, याविषयी नागरी विमान वाहतूक आणि संरक्षण या दोन्ही मंत्रालयांनी मिळून नियम करावेत आणि त्यांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपला,
एक वाचक, विमाननगर, पुणे