कराडच्या फ्लेक्सवाल्या दादाला जाहीर थँक्यू

दादा, तुला न विचारता तुझं नाव इथे टाकत नाही, पण आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा बॅनर केलास तो तूच, वाचलंस की ओळखशील. बॅनर झकास झाला पण त्याचे पैसे दिलेत, त्यामुळे हे थँक्यू त्याचं नाही, त्याआधी तू जो वेळ घालवलास आणि बिलात लावला नाहीस त्याचं आहे.

दुसरा कोणी असता तर दिलेला फोटो छापून मोकळा झाला असता आणि वर म्हणाला असता काकू तुम्ही दिला तसाच आलाय. तू आधी स्क्रीनवर मोठा करून दाखवलास, म्हणालास हा फाटणार, म्हणजे छापल्यावर ठिपके ठिपके दिसणार. मला पटेना, मोबाइलवर तर आजीच्या नथीतला मोती पण दिसत होता! मग तू फोटोचे डिटेल्स उघडलेस, १६०० बाय १२०० ठिपके, आणि कॅल्क्युलेटर काढलास. बॅनरवर फोटो सहा फूट रुंद, म्हणजे ७२ इंच, १६०० भागिले ७२, इंचाला जेमतेम २२ ठिपके. फोटो काढला मामेबहिणीने नाशिकला, तिच्या फोनमध्ये तोच ४००० बाय ३०००, पण व्हॉट्सॲपवरून पटकन जावा, डेटा कमी लागावा म्हणून तो बारीक होऊनच फॅमिली ग्रुपवर आला होता. एवढं सोपं करून आमच्या घरातल्या एकाही इंजिनियरने सांगितलं नव्हतं, आणि घरात तीन आहेत.

मग तिला फोन लावायला लावलास, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, पिन दाबून डॉक्युमेंट आणि तिथून फोटो निवडायचा. तोच फोटो, पण आला तो जसाच्या तसा. एचडीचं बटण पण आहे, पण त्यात सुद्धा थोडा बारीक होतोच म्हणालास, छापायचं असेल तर डॉक्युमेंटच. (माझा भाऊ तर स्क्रीनशॉट काढून पाठवतो, वर बॅटरी १४ टक्के आणि घड्याळासकट. तो फोटो तू बघितलास आणि हसला नाहीस, त्याचे वेगळे आभार.)

आणि तारखांचं कोडं पण तिथेच सुटलं. ग्रुपवरून आलेल्या फोटोच्या फाइलच्या नावात डब्ल्यूए (WA) या अक्षरांच्या आधी जी तारीख असते ती फोटो आल्याची, काढल्याची नाही, आणि काढल्याची तारीख त्यात उरतच नाही, म्हणून आमच्या गॅलरीत आजोबांचे जुने फोटो गेल्या वर्षीच्या दिवाळीत जाऊन बसलेत.

सगळ्यात कामाचं शिकवलंस ते केबलचं, आणि फोन माझ्या हातातून काढून न घेता. केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो, वरून नोटिफिकेशन खाली ओढून फाइल ट्रान्सफर करायचं, मग कॉम्प्युटरवर फोन दिसतो, त्यात डीसीआयएम (DCIM) नावाचं फोल्डर, त्यात कॅमेरा, तिथे फोटो. काही केबली नुसत्या चार्जिंगच्याच असतात, दिसलं नाही तर आधी केबल बदला. आणि कट करायचं नाही, कॉपीच करायची, कारण मध्येच केबल हलली तर अर्धे इकडे अर्धे तिकडे. पेस्ट झालं की दोन्हीकडचा आकडा जुळवायचा, चार फोटो उघडून बघायचे, मगच फोनमधले उडवायचे. हे मी आता सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलेय, लोक कंटाळलेत.

गूगल फोटोजचं पण बरं झालं सांगितलंस. बॅकअप झालाय म्हणून त्या ॲपमधून डिलीट केलं तर क्लाउडवरचा पण जातो, फोन मोकळा करायचा तर त्यातलंच फ्री अप स्पेस, त्याने फक्त फोनमधले जातात. आमच्या जावेने नेमकं तसंच डिलीट केलं होतं, बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात म्हणून मिळाले तरी. तिने पण तुला थँक्यू सांगितलंय.

पुढच्या महिन्यात आजीच्या फोटोंचं कॅलेंडर करायला येतेय. मामेभाऊ आयफोनवाला आहे, त्याचे फोटो एचईआयसी (HEIC) या आयफोनच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि तुझ्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत म्हणाला होतास ना, तर त्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कंपॅटिबल करायला लावलंय, जुने तेवढे तू बघ. आणि यावेळी वेळेचे पैसे लाव रे बाबा.